आजोबांची दुनळी आणि तिचीं काडतुसें

वारशानें येणाऱ्या वस्तूंपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. पितळी समई, पोथ्यांचा गठ्ठा, बंद पडलेलें घड्याळ यांची निगा राखली नाहीं तर फार तर तीं खराब होतात. राखणाऱ्याच्या जिवास त्यांपासून धोका नसतो. जुन्या बंदुकीचें तसें नाहीं. आमच्या तळकोंकणांतील घरीं आजोबांनीं घेतलेली बारा बोअरची विलायती दुनळी आहे. शिकारीचा शौक १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं संपविला. पण परवाना पिढ्यान् पिढ्या चालत आला, आणि निवडणूक आली कीं बंदूक ठाण्यांत जमा करावयाची व मागाहून सोडवून आणावयाची, एवढाच तिचा प्रवास उरला. आतां ती पुतण्याच्या स्वाधीन करावयाची आहे. तत्पूर्वीं तिच्यांत कोणतें काडतूस घालावें हा प्रश्न एकदां नीट सोडवावा असें आम्हांस वाटलें.

पुतण्यास हा मुळीं प्रश्नच वाटेना. त्यानें नव्या काडतुसांच्या दोन पेट्या आणल्या होत्या; त्यांतील एक काडतूस नळींत घालून दाखविलें आणि म्हणाला, “काका, बसतंय कीं बरोबर आंत! मग आणखी काय पाहायचं?” हा युक्तिवाद त्याचा एकट्याचा नव्हे. कुलपांत किल्ली शिरली तर ती त्याच कुलपाची, असें आपण सारेच समजतों. जुन्या बंदुकीच्या बाबतींत नेमकी हीच समजूत घातक आहे.

बोअर म्हणजे काय तें प्रथम सांगितलें पाहिजे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीची जी जाडी, ती बारा बोअरच्या नळीची रुंदी. म्हणजे सुमारें १८.५ मिलिमीटर. गोळ्या वीस केल्या तर त्या लहान होणार. म्हणून आंकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. वीस बोअरचें काडतूस चुकून बाराच्या नळींत पडलें तर तें पुढें सरकून अडकतें, आणि नळी रिकामी समजून मागून बाराचें घातलें कीं पुढचा प्रकार सांगावयास नको. अमेरिकेंत वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याची वहिवाट पडली ती याचसाठीं.

परंतु बोअर जुळला म्हणजे सारें जुळलें असें होत नाहीं. काडतूस जेथें बसतें तें नळीचें घर किती लांब आहे, हें त्याहून महत्त्वाचें. जुन्या विलायती बंदुकींचीं घरें बहुधा अडीच इंचांचीं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजचें सर्वसाधारण काडतूस पावणेतीन इंचांचें, म्हणजे ७० मिलिमीटर. आतां गंमत अशी, कीं पेटीवर छापलेली ही लांबी काडतुसाचा बार उडाल्यानंतरची असते. तत्पूर्वीं त्याचें तोंड आंत दुमडलेलें असल्यामुळें तें जेमतेम ५८ मिलिमीटर भरतें, आणि ६५ च्या घरांत ऐसपैस बसतें. बार उडतांच दुमड उलगडते आणि टरफलाचें तोंड घराबाहेर, जेथें नळी अरुंद होऊं लागते त्या उतारावर, जाऊन पडतें. छर्ऱ्यांना त्याच क्षणीं त्या आंवळलेल्या तोंडांतून निघावें लागतें, आणि मागचा दाब वाढतो. बंदूक पहिल्याच बारास फुटेल असें नाहीं. दहा वेळां कांहीं होत नाहीं, आणि म्हणूनच माणूस अकराव्यांदा डोळे मिटून चाप ओढतो.

घराची लांबी मोजणें अवघड नाहीं. बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री करून आम्ही वीस मिलिमीटर रुंदीची जाड पुठ्ठ्याची पट्टी मागून आंत सरकविली. जेथें ती अडली तेथें खूण केली. ६५ भरले. नळ्या उतरवून त्यांच्या पोटाशीं पाहिलें तों बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के आढळले. हें परीक्षागृह १८१३ मध्यें कायद्यानें स्थापन झालें. तेथें नळींत नेहमींहून जबर बार उडवून ती टिकली तरच शिक्का मिळतो. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींत १२ आणि खालीं इंग्रजी ‘सी’ होता. पण या ‘सी’वर विसंबून चालत नाहीं, घर तीन इंचांच्या आंत आहे, एवढेंच तो सांगतो. अडीच कीं पावणेतीन याविषयीं तो मुका. शेजारीं ‘नायट्रो प्रूफ’ हीं अक्षरें आणि छर्ऱ्यांचें कमाल वजन सव्वा औंसाहून किंचित् कमी, म्हणजे एक अष्टमांश अधिक एक औंस, असें कोरलेलें होतें. ग्रॅममध्यें सुमारें ३२. हीं अक्षरें नसतीं, तर ती केवळ जुन्या काळ्या दारूसाठींच तपासलेली असण्याचा संभव होता, आणि मग आजचें कोणतेंच काडतूस तिच्यांत घालतां आलें नसतें.

शिक्का मारला त्या दिवशींची बंदूक आणि आजची बंदूक एकच नव्हे, हेंही खरेंच. कोंकणांतला पावसाळा लोखंडास काय करतो तें कोणास सांगावें? म्हणून आम्ही ती एका वृद्ध कारागिरास दाखविली. त्यानें नळ्या टांगून लांकडी मुठीनें हलकेच टिचक्या मारल्या. नाद स्वच्छ उमटला, म्हणजे दोन नळ्यांमधील सांधा शाबूत होता. पण तेवढ्यावर समाधान न मानतां त्यानें नळ्यांच्या भिंतींची जाडी जागोजाग मोजली, आणि मगच मान डोलाविली.

एवढें होऊनही पुतण्याचा चेहरा उतरलेलाच होता. त्याच्या भातांत डुकरें शिरतात. त्यास बंदूक हवी होती आणि आम्ही त्याच्या हातीं पुठ्ठ्याची पट्टी देत होतों. त्याचें मन वळविलें तें आमच्या विवेचनानें नव्हे. बंदुकीच्या पेटींत, तेलाच्या चिंधीखालीं, आजोबांनीं उडविलेलें एक कागदी टरफल सांपडलें. त्यानें तें नव्या टरफलाशेजारीं टेबलावर उभें केलें. आजोबांचें टरफल बोटाच्या अर्ध्या पेराएवढेंही नाहीं, त्याहून थोडें कमीच, पण डोळ्यांस दिसेल इतकें आंखूड होतें. तो बराच वेळ दोहोंकडे पाहत राहिला.

दोन्ही पेट्या त्यानें दुसऱ्या दिवशीं परवानाधारक दुकानदाराकडे परत नेल्या आणि ६५ चीं, ३२ ग्रॅमच्या आंतलीं मागितलीं. “सगळे हींच नेतात,” दुकानदार म्हणाला, “आजवर कोणी विचारलं नाहीं.” पुतण्यानें खिशांतून कागदी टरफल काढून त्याच्यापुढें ठेवलें.