आईच्या डोळ्यातली नळी

मी बारामतीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम. इंदापूर तालुक्यात विहारांमधून नेत्रतपासणीची शिबिरे भरवली, म्हाताऱ्या माणसांना टेम्पोत बसवून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेले. आणि माझ्याच आईच्या डोळ्याकडे माझे लक्ष नव्हते. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आईला काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. राहिली तेवढी जपायची. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते. ही आसवे नव्हेत, ते पाणी वेगळे. त्याची वाट तुंबली की दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. आईचे थेंब झाले, एक ऑपरेशन झाले, तरी दाब उतरेना. म्हणून 2017 साली पुण्यात डोळ्यात नळी बसवली. सिलिकॉनची बारीक नळी आणि तिला जोडलेली चकती, वरच्या पापणीआड लपवलेली. आजच्या पद्धतीची अशी नळी डॉ. मोल्टेनो यांनी 1969 साली आणली. मदुराईच्या ऑरोलॅबने 2013 पासून ती आपल्याकडे स्वस्तात बनवली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली.

दाब उतरला. पहिली दोन-अडीच वर्षे मी आईला नेमाने नेले. 2020 च्या टाळेबंदीत फेरी चुकली, आणि टाळेबंदी उठल्यावरही चुकतच राहिली. मी बी.कॉम. झालेला, कागद सांभाळणारा माणूस. आईची फाईल तारीखवार लावून कपाटात ठेवली होती. तारीख मात्र पाळली नाही. आईला दुखत नव्हते, मला वाटले काम झाले.

2022 च्या पावसाळ्यात गावाकडे गेलो तर आईचा डोळा लाल. म्हणाली, "डोळं आल्यात रं, दोन दिसांत जातील." आठ दिवस ती एका औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब घालत होती. बाटलीवर पाहिले तर स्टेरॉईड. अशा थेंबांनी लाली दबते, पण दाब वाढू शकतो आणि आत जंतू असले तर त्यांना मोकळे रान मिळते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने जेजुरी, सासवड करत पुणे गाठले. डॉक्टरांनी पापणी उचलली आणि मला जवळ बोलावले. नळीवरची त्वचा झिजून नळी उघडी पडली होती. ते म्हणाले, "लाली आल्याबरोबर का नाही आणलंत? जंतू या नळीवाटे थेट आत जातात. आत पू झाला असता तर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली असती, नळी काढावी लागली असती, आणि तरी डोळा वाचेलच असं नाही." मी खाली मान घालून ऐकत होतो. आई मध्येच म्हणाली, "त्याला नका बोलू, मीच सांगितलं नव्हतं."

नशीब म्हणा, जंतू आतवर गेले नव्हते. ऑपरेशन करून नळीवर ठिगळ लावले. ठिगळ कशाचे? नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे. शिबिरात नेत्रदानाचे फॉर्म मीच वाटतो, पण पांढरा भागही कामी येतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी आणखीही सांगितले. चकतीभोवती जाड पापुद्रा धरला की दाब पुन्हा चढतो, मग थेंब सुरू करावे लागतात. नळीचे टोक पुढच्या पारदर्शक पडद्याजवळ सरकले तर पडदा धूसर होतो. तेव्हा नळी मागे घ्यावी लागते, कधी पडदाच बदलावा लागतो. काहींना एकाच्या दोन वस्तू दिसतात. हे सारे कित्येक वर्षांनीही होऊ शकते. अचानक लाली, दुखणे, चिकटा किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवायचे.

परतीच्या गाडीत पट्टी बांधलेली आई बराच वेळ गप्प होती. मोरगाव मागे पडल्यावर म्हणाली, "ज्याचा डोळा मला लावला, त्याच्या घरच्यांस्नी कळतं का रं?"

मी म्हणालो, "नाही आई, नाव सांगत नाहीत."

आता दर तीन महिन्यांनी जातो. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने आईच लिहून घेते, माझ्यावर सोडत नाही.