ऊन, ओव्या आणि बॅटरी

खानापूर सोडून हेम्माडग्याच्या रस्त्याला लागलं की हळूहळू शेतं संपतात, झाडी दाट होते. हा भीमगडचा परिसर. अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. आतल्या वाड्या मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या. तिथल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या म्हणून वनखात्याची परवानगी काढून मी दोन विद्यार्थ्यांसह निघालो.

वाडीवर विजेचा भरवसा नाही हे ठाऊक होतं. म्हणून 28 वॅटचं घडीचं सौर पॅनेल आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक घेतली. एवढी तयारी म्हणजे फार झाली, असं वाटलं!

ऑक्टोबरअखेर होती. पॅनेल फणसाला टांगलं. आभाळ भरलेलं, वर फणसाची सावली. कन्नड बोलणारा विद्यार्थी दर तासाला बघून यायचा आणि म्हणायचा, "बिसिलु इल्ला, सर!" पॉवर बँकेत जेमतेम 37 वॅट-तास, आमच्या तीन मोबाइलनी ती पहिल्याच रात्री संपवली. दुसऱ्या पहाटे आजी जात्यावर बसल्या, दहाबारा ओव्या झाल्या आणि रेकॉर्डर बंद पडला.

"मास्तरा, तुझी पेटी निजली की रं!" आजी हसल्या आणि गातच राहिल्या. सुचेल तेवढं मी वहीत उतरवलं. शब्द आले, चाल राहून गेली.

घरी आल्यावर हिशोब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता. दोन मोबाइलना रोज 30 वॅट-तास, रेकॉर्डरला 5, तीन वॅटचा दिवा पाच तास म्हणजे 15. एकूण 50. लॅपटॉप नेला तर तेवढेच आणखी. म्हणून तो घरीच ठेवायचा. दोन दिवस ऊन पडलं नाही तरी निभावायचं, तर 100 लागतात. म्हणून 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात सुमारे 150 वॅट-तास मावतात. शिशाच्या बॅटरीचं ओझं कितीतरी जास्त, शिवाय ती निम्म्याहून खाली उतरवली की लवकर खराब होते. चार्ज कंट्रोलर मात्र बॅटरीच्या जातीचाच हवा.

पॅनेल 40 वॅटचं. झाडीत चांगलं ऊन तीनच तास धरावं आणि तीस टक्के तूट सोडावी. तरी 84 वॅट-तास हाती येतात. पॅनेलवरचा वॅटचा आकडा प्रयोगशाळेतल्या उन्हाचा असतो. पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एका फांदीची सावलीसुद्धा बरीच वीज खाते. म्हणून झाड सोडून खळ्यात, दक्षिणेकडे तोंड करून तिरकं ठेवायचं. हिवाळ्यात आपल्याकडे तीसेक अंशांचा कल चांगला.

जानेवारीत पुन्हा गेलो. आजी मार्गशीर्षातच गेल्या होत्या. जातं ओसरीवर होतं. सूनबाई म्हणाल्या, "मला सगळ्या येत न्हाईत, सासूबाईंच्या निम्म्या येतील." आम्ही दिवा लावला. त्या पहाटे तीन तास गायल्या. रेकॉर्डर शेवटपर्यंत चालू होता.

वहीतल्या ओव्या त्यांना वाचून दाखवल्या. त्यातल्या चार त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या.