खाऱ्या पाण्यातला मासा

आमच्या शिरड शहापूरला मासा म्हणजे पूर्णेचा, सिद्धेश्वर धरणातला. मरळ किंवा रोहू. समुद्र पाहिला तो मालवणला. पहाटे रापणीची दोरी ओढणाऱ्यांत मीही घुसलो. तळहात सोलले, पण वाट्याला सहा बांगडे आले! उतरलो होतो तिथल्या काकूंनी ते मलाच साफ करायला लावले. ओले खोबरे, तिरफळे, आमसुले आणि मीठ.

"खाऱ्या पाण्यातल्या माशाला मीठ कशाला?"

काकू पोट धरून हसल्या. पुढे वाचले, हा मासा समुद्र पितो अन् जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ना कूट, ना काळा मसाला. तरी त्या तिखल्याने मी भाताची तीन वाढणी संपवली.

घरी आजीला सांगितले, तर तिचाही प्रश्न तोच. समुद्र तिने पाहिलेला नाही. दमा आहे, वाट लांबची. तरी परवा हळूच विचारत होती, "दोरी बसून वढता येती का रं?"