रिंगा बसेपर्यंत

नवी वस्तू जपून वापरावी, ही शिकवण मला वडिलांकडून मिळाली. 1980 च्या दशकात त्यांनी स्कूटर घेतली, तेव्हा पहिले कित्येक महिने ती चाळिसाच्या वर गेली नाही. मागचे लोक भोंगे वाजवून हैराण होत. वडील मात्र “इंजिन नवं आहे” एवढेच म्हणून शांतपणे कडेने चालत. पुढे हीच रीत मी वह्यांना लावली, चपलांना लावली आणि अखेर माझ्या मुलालाही लावली.

यंदाच्या पावसाळ्यात तो कॉलेजासाठी परगावी गेला. मी जेमतेम मॅट्रिक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. “बाबा, इथं नाही जमत. मी परत येऊ का?” हिच्या डोळ्यांना पाणी आले आणि माझ्या तोंडून निघून गेले, “रविवारी येतो न्यायला.”

शनिवारी पावसाने उघडीप दिली. मन रमेना, म्हणून गावाबाहेरच्या धावपट्टीकडे पाय वळवले. तिथे विमान चालवायला शिकवतात, आणि माझा एक जुना विद्यार्थी तिथे मेकॅनिक आहे. सातवीत त्रैराशिक म्हटले की हा पोट दुखल्याचे सांगे. मला पाहून तो हात पुसत आला. “या सर! आज नव्या सिलिंडरचं पहिलं उड्डाण आहे.”

विमान दोन माणसांचे, सेसना 152. हे विमान 1977 साली बाजारात आले आणि 1985 नंतर बनलेच नाही. म्हणजे वयाने माझ्याच बरोबरीचे! नाकातले इंजिन चार सिलिंडरांचे, 110 अश्वशक्तीचे. टेबलावर एक जुना सिलिंडर पडला होता. आतून आरशासारखा चकाकणारा. “काय सुरेख तेज आहे रे!” मी म्हणालो. तो हसला. “सर, तोच त्याचा रोग आहे.”

शेजारच्या कोऱ्या सिलिंडरात त्याने बॅटरीचा उजेड पाडला. आत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा होत्या, टाकी लावलेल्या पाट्यासारख्या. दट्ट्याच्या रिंगा या रेघांवर घासतात, रेघांचे कंगोरे झिजतात, खोलगट भागात तेल टिकते आणि रिंग भिंतीला चपखल बसते. पण रिंगेला भिंतीवर दाबणार कोण? जळत्या वायूचा दाब! म्हणून नवे सिलिंडर पहिल्यापासून जोरात चालवायचे. 65 ते 75 टक्के ताकदीने. फार उंच जायचे नाही, कारण विरळ हवेत ताकद घटते. जमिनीवर उगीच घरघरत ठेवायचे नाही. तेलसुद्धा साधे, खनिज. जादा गुळगुळीतपणा नको. हे सारे पहिले 50 तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत.

“आणि जपून चालवलं तर?” मी विचारले.

“मग रिंग तेलावर नुसती तरंगते, सर. ते तेल उष्णतेनं करपतं, रेघांत बसून कडक होतं. वरून चकाकी येते, पण रिंगा काही बसत नाहीत. इंजिन जन्मभर तेल पितं. शेवटी सिलिंडर उतरवून पुन्हा घासावा लागतो.”

गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण होत नाही, आणि टाकीवाल्याला हाक मारावी लागते, हे मला ठाऊक होते. पण मी गप्प झालो. माझ्या डोळ्यांपुढे भलताच चेहरा आला होता.

“अरे, पण फार तापलं तर?”

“तापू द्यायचं नाही ना! चढताना नाक थोडं खाली करायचं, वारा द्यायचा.”

विमान उडाले. आवाज असा की माझ्याच छातीत धडधडले. दीड तासाने ते उतरले, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने तेलाची काठी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. “आज जास्त प्यालंय. पिणारच. पण बघत राहायचं.”

माणूस म्हणजे पोलाद नव्हे, हे मलाही कळते. वर्गातली काही मुले जोर लावल्याने मोडलेली मी पाहिली आहेत. तरी त्या रात्री झोप लागली नाही. मुलाच्या वह्यांना कव्हरे मी घातली, अर्ज मी लिहिले, भांडणे मी मिटवली. चकाकी छान आली होती!

रविवारी मी गेलो. त्याची बॅग भरून तयार होती. त्याला जेवायला नेले, तासभर नदीकाठी हिंडवले, सारे काही ऐकून घेतले. मग म्हणालो, “दिवाळीपर्यंत राहून बघ. दर रविवारी मी फोन करीन.” तो काही बोलला नाही. परतीचे एसटीचे तिकीट मी एकच काढले. घरी ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवा तो दिवाळीला आला. किंचित वाळला आहे. फराळ झाल्यावर आपली ताटली उचलून तो मोरीवर गेला आणि विसळून ठेवली. ही बघतच राहिली.

“जमतंय का रे?” मी विचारले.

“जमतंय थोडं थोडं,” तो म्हणाला.

मी पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतले.