कोपरातली शीर

कोपराच्या आतल्या खोबणीत, कातडीच्या लगेच खाली, एक ठसठशीत शीर असते. रक्त तपासायला द्यायचे असले की बहुतेकांची हीच शीर धरली जाते. सुईने नशा करणारा माणूसही सुरुवात इथूनच करतो, कारण डाव्या कोपरातली शीर उजव्या हाताने एकट्याला टोचता येते. व्यसनातून बाहेर पडून पुढे वीस-पंचवीस वर्षे एचआयव्हीसह जगलेल्या माणसाचे आयुष्य या शिरेवर जितके उमटलेले असते तितके त्याच्या कुठल्याही केसपेपरवर नसते.

अशा माणसाची नशा कधीच सुटलेली असते. घरदार, नोकरी, मुले सगळे मार्गी लागलेले असते. मग वर्षातून एकदा व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीसाठी तो हात पुढे करतो, दंडाला रबरी पट्टा आवळला जातो, स्पिरिटचा बोळा फिरतो, आणि त्या वासाने त्याच्या पोटात खड्डा पडतो. तोंडाला पाणी सुटते, तळवे ओले होतात. मेंदूने तो वास, तो पट्टा आणि सुईच्या मुळाशी दिसणारा रक्ताचा लाल ठिपका एकत्र बांधून ठेवलेला असतो, आणि ही गाठ पुरती सुटत नाही. यात त्या माणसाचा निर्धार कमी पडला असे काही नसते. पाच-दहा मिनिटांत ती लाट ओसरते. मुरलेले लोक तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत बसतात.

मुंबईत १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचे हेरॉईन, आली ती धुरातून. सिगारेटच्या पाकिटातली पन्नी खालून तापवायची आणि वरचा धूर नळीने ओढायचा. मराठी घरांना तिच्यासाठीचा गर्द हा शब्द तेव्हा कळला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाईंनी हात दिला आणि १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. धुरावरून माणूस सुईवर जातो तो बहुधा पैशांपायी. धूर हवेत वाया जातो, तर शिरेत गेलेला सगळा माल लागू पडतो. पुढे गर्द महागली किंवा मिळेनाशी झाली तेव्हा बुप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाच्या अँप्यूल, त्यात एव्हिल हे ॲलर्जीचे औषध आणि झोपेचे इंजेक्शन, असे मिश्रण अनेक शहरांत चालू लागले. ही औषधे शिरेला पोळतात. आतून सूज येते, रक्त गोठते, भिंत जाड होते आणि एके काळची मऊ शीर बोटाखाली सुतळीसारखी कडक लागते. कोपर संपले की मनगट, मग पंजाची पाठ, पाय, आणि शेवटी जांघ.

मणिपूरची गोष्ट याच काळातली. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉईन तिथे पांढरे आणि शुद्ध होते, पाण्यात विरघळणारे, म्हणून पोरे थेट सुईवरच गेली. १९८९च्या अखेरीपर्यंत तिथल्या इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ सापडत नव्हता. काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांत तो सापडला. एका छोट्या राज्यातली एक अख्खी पिढी अशी एकाच सुईत ओवली गेली, आणि उरलेल्या देशाला ते फार उशिरा दिसले.

सुई एकाकडून दुसऱ्याकडे का जाते, याचे उत्तर फारसे गूढ नाही. खिशात सिरिंज सापडली तर पोलीस धरतील ही धास्ती असते, औषधाच्या दुकानात कपडे पाहून हाकलतात, आणि अंगात टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याची तडफड, चढलेली असते. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पायांत गोळे. अशा वेळी चार जणांत एक सिरिंज असली तर ती फिरतेच. शीर सापडली का हे पाहण्यासाठी दट्ट्या जरासा मागे ओढतात. रक्त आत येते, औषधात मिसळते, आणि दट्ट्या दाबल्यावरही थोडे तळाशी उरते. पाण्याच्या ग्लासात सिरिंज एकदा खळबळली की ती धुतली असे सगळे मानतात. हवा न लागता बंद राहिलेल्या त्या रक्तात विषाणू काही आठवडेसुद्धा तग धरू शकतो.

पुढे एचआयव्ही निघालेल्या बहुतेकांच्या मनात एक ठरावीक दिवस रुतून बसलेला असतो. एखाद्या इमारतीची गच्ची, टाकीच्या आडोशाला बसलेले चार मित्र, मधे स्टीलच्या ग्लासात गुलाबी झालेले पाणी, आणि आपला नंबर दुसरा. पहिला नंबर होता तो मित्र पुढे वारला. तेव्हापासून हा दिवस सारखा वर येतो: आपण आधी हात पुढे केला असता तर? हिशोब मात्र वेगळेच सांगतो. दूषित सुई एकदा वापरल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ६३ धरली जाते, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. वर्षानुवर्षे, दिवसातून दोन-तीनदा टोचून घेणाऱ्याला नेमका दिवस सापडणे अशक्य असते. त्या गच्चीवर काहीच झालेले नसण्याची शक्यता कितीतरी मोठी. तरी ती आठवण हलत नाही, आणि हे ऐकून घेणारा समुपदेशक भेटणे हे या आजारात गोळीइतकेच मोलाचे आहे.

नशा सोडण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. कुणी केंद्रात महिना-दीड महिना राहून, नंतरच्या फॉलोअपला वर्षानुवर्षे जात सोडतो. कुणाची सुई ओएसटीने, म्हणजे ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपीने, सुटते. त्यात हेच बुप्रेनॉर्फिन गोळीच्या रूपात, रोज, नर्ससमोर जिभेखाली ठेवून विरघळू द्यायचे असते. शिरेत टोचल्यावर ज्याने माणूस लोळवला त्याच औषधाने जिभेखालून, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वेळी, तो कामावर जाऊ लागतो. एका नशेच्या जागी दुसरी दिली असे याला अजूनही हिणवले जाते. ज्याची सुई सुटली, ज्याच्या हातावरची गळवे भरली, ज्याला सकाळी उठल्यावर पैसे कुठून आणू हा प्रश्न उरला नाही, त्याच्या घरच्यांना विचारून मग हा आक्षेप घ्यावा.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६मध्ये, चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली झालेल्या तपासणीत. त्यानंतरची दहा वर्षे निदान म्हणजे वाट पाहणे होते. १९९६मध्ये तीन औषधे एकत्र देण्याचा गुण दिसून आला, पण वर्षाचा खर्च लाखांत होता. २००१मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केली आणि आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत सगळे गणित बदलले. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे उपचार, सुरू केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. सुरुवातीच्या गोळ्यांतल्या स्टॅव्हुडीनने जीव वाचवले, पण गाल आत ओढले आणि तळपायांची आग केली. बसलेले गाल पाहून शेजारीपाजारी ओळखायचे. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर मिळून दिवसाला एकच गोळी असते, आणि निदान झाले की रक्तातल्या सीडी४ पेशी किती आहेत हे न पाहता ती सुरू होते.

या रांगेत सुई घेणारे मात्र बराच काळ मागे राहिले. हे लोक गोळ्या नीट घेणार नाहीत, आधी नशा सोडून या, असे त्यांना सांगितले जाई. याचा राग धरून ठेवण्याजोगाच आहे. रोज ठरल्या वेळी औषध मिळवण्यासाठी ज्याने शहर पालथे घातले त्याला ठरल्या वेळी गोळी घेणे जमणार नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवले? जिथे ओएसटी आणि एआरटी एका छताखाली मिळाली तिथे हेच लोक गोळ्या टिकवून घेताना दिसले. सुईतून हिपॅटायटिस सी सुद्धा येतो, आणि २०१८पासून सरकारी कार्यक्रमात त्यावरही मोफत गोळ्या आहेत. बहुतेकांना त्या १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि बहुतेकांचा तो आजार पूर्ण बरा होतो. एचआयव्ही तसा जात नाही. तो काही पेशींत झोपून राहतो, आणि रोजची गोळी त्याला उठू देत नाही.

पण गोळी काम करते आहे की नाही हे रक्तच सांगते, आणि रक्तासाठी शीर लागते. जांभळ्या बुचाची नळी भरायला तीन-चार मिलिलिटर पुरते, तरी त्या तीन-चार मिलिलिटरसाठी जे होते ते पाहवत नाही. तंत्रज्ञ कोपरात टोचतो, काही येत नाही. सुई आतल्या आत फिरवतो. दुसरा हात मागतो. समोरचा माणूस हळूच सांगतो, पंजाच्या मागची, अंगठ्याकडची घ्या, बटरफ्लाय सुईने मिळेल. ते ऐकलेच जात नाही, कारण आपल्याला शिरा दाखवणारा हा कोण, हा प्रश्न चेहऱ्यावर असतो. स्वतःच्या हाताचा इतका नेमका नकाशा दुसऱ्या कुणालाही माहीत नसतो. एखादी सिस्टर मात्र पट्टा बांधण्याआधी विचारते, “कुठली घेऊ, दादा?” हात कोमट पाण्यात धरायला लावते, खाली लोंबता ठेवायला सांगते, आणि एका टोच्यात काम होते. असे लोक पुढच्या तपासणीला त्याच सिस्टरची ड्यूटी पाहून येतात. जी केंद्रे हे शिकली नाहीत त्यांच्याकडचे पेशंट तपासणी टाळतात, आणि रजिस्टरमध्ये बेजबाबदार अशी नोंद पेशंटच्या नावावर होते.

रक्तावरून माणसाला कोंडल्याचाही इतिहास आहे. १९८९मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या नियमित रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस डांबले. त्याची आई, ल्यूसी डिसूझा, मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९९७मध्ये त्याच न्यायालयाने, नाव गुप्त ठेवून आलेल्या एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितले की काम करायला सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. डॉमिनिक १९९२मध्येच गेला होता. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी आणि भेदभाव यांना बंदी केली. संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ सुया वाटणे हा गुन्हा ठरणार नाही, हेही त्याच कायद्यात आहे. गच्चीवरच्या त्या चौघांना एवढेच हवे होते.

विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हजारो जोडप्यांच्या अभ्यासांतून हे २०१९पर्यंत निर्विवाद झाले. त्यामुळे लग्ने झाली, मुले झाली, तीही एचआयव्हीशिवाय. वेळेवर उपचार सुरू केलेल्याचे आयुर्मान आता इतरांच्या जवळ जाते, म्हणून या पिढीपुढचे प्रश्न म्हातारपणाचे आहेत: साखर, रक्तदाब, गुडघे, खुब्याचे हाड.

खुब्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली की जुने व्यसन पुन्हा टेबलावर येते. दुखणे थोपवायला मॉर्फिनच्या जातीची औषधे लागतात. ती दिली तर स्लिप होईल, म्हणजे माणूस पुन्हा नशेकडे घसरेल, या भीतीने डॉक्टर हात आखडतात, पेशंटही नको म्हणतो, आणि न सोसणारी वेदनाच माणसाला जुन्या वाटेवर ढकलू शकते. भूलतज्ज्ञाला सगळे आधी मोकळेपणी सांगितले तर कमरेखाली बधिरता देता येते, नर्व्ह ब्लॉक देता येतो, आणि सलाइनसाठी सोनोग्राफीवर पाहून खोलातली शीर धरता येते. ओएसटी चालू असेल तर ती सहसा तोडत नाहीत. घरी जाताना लिहून दिलेल्या कडक गोळ्या मोजक्याच दिवसांच्या असाव्यात आणि पट्टी बायकोकडे किंवा मुलीकडे ठेवावी. एआरटीची गोळी मात्र ऑपरेशनच्या दिवशीही चुकवायची नसते. भूलतज्ज्ञाला विचारून ती घोटभर पाण्याबरोबर घेता येते.