चार ट्रॅकांचा माणूस

ली 'स्क्रॅच' पेरी. गायक, गीतकार, निर्माता, शिवाय रेकॉर्डिंगही स्वतःच करणारा. १९७३ साली या पठ्ठ्याने किंग्स्टनमध्ये घराच्या परसात 'ब्लॅक आर्क' स्टुडिओ उभारला. टेपचं यंत्र फक्त चार ट्रॅकचं! जागा संपली की भरलेले ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, रिकाम्या जागी पुढचं वाद्य. दर वेळी खरखर वाढणार आणि मिसळलेलं पुन्हा सुटं होणार नाही. म्हणजे काय ठेवायचं ते तिथल्या तिथे ठरवा. आज लॅपटॉपवर शेकडो ट्रॅक आणि हवं तितकं 'अनडू' मिळतं; म्हणूनच आपला निर्णय उद्यावर जातो.

पुढे स्टुडिओ जळाला, २०२१ मध्ये पेरीही गेला. असो. ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज' (१९७६) हेडफोन लावून ऐका. इतकं दाट संगीत चार ट्रॅकांत मावलंय, पटतच नाही!