सुईदोऱ्याचं पंचांग

जानेवारी उजाडला की शिवणकामाचा नाद असलेल्या बायका नवी वही घेतात. बारा महिने, बारा नक्ष्या, वर रंगीत पेन्सिलींनी केलेली आखणी. शिमग्यापर्यंत त्याच वहीत दुधाचा आणि इस्त्रीचा हिशोब चढलेला असतो. बेत जरूर करावा, पण नक्षीवरून करू नये. घरात कापड काय आहे आणि बाहेर हवा कशी आहे, एवढं पाहिलं की निम्मं वर्ष आपोआप ठरतं. तमिळनाडूत कुंभकोणमला संसार थाटल्यापासून माझं हे मत जास्तच पक्कं झालंय.

आपल्याकडे महाराष्ट्रात गोधडीचे दिवस उन्हाळ्याचे. सुगी उरकलेली, अंगण मोकळं, दुपार लांबलचक, आणि मृगाच्या आत सगळं धुऊन-वाळवून माळ्यावर. इथे ते पंचांग चालत नाही. जुलैत तुमच्याकडे कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुर चाललेली असते, तेव्हा इथे गच्चीवर लख्ख ऊन असतं. खरा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येच्या वाऱ्यांवर. त्या दिवसांत ओली गोधडी घरात घेतली की कुबट वास धरलाच. एप्रिल-मे तर शिवणाऱ्याची परीक्षाच पाहतात. घामेजल्या बोटांत सुई ठरत नाही, आणि फिक्या रेशमावर घामाचा डाग पडला तर तो निघत नाही.

म्हणून माझं वर्ष पोंगलला सुरू होतं. संक्रांतीपासून मार्चअखेरपर्यंत हवा कोरडी, उजेड चांगला, तेव्हा रेशीम. उन्हाळ्यात मऊ सुताची दुपटी आणि कुंच्या; आमच्या गोतावळ्यात दरवर्षी कुठे ना कुठे पाळणा हलतोच. जून ते सप्टेंबर, मधला ऑगस्ट सोडून, मोठी गोधडी. पावसाळ्यात कशिदा, तोही फिक्या कापडावर जाड दोऱ्याचा. ढगाळ उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा हट्ट डोळ्यांना महागात पडतो.

रेशमाचं म्हणाल तर इथे त्याला तोटा नाही. तिरुभुवनम हे विणकरांचं गाव इथून आठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या रेशमी साड्यांना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. विणणारे बहुतेक सौराष्ट्री समाजाचे. मला मात्र नव्या साडीपेक्षा जुनीतच रस. जुनं रेशीम घडीवर आधी विरतं. ते उजेडासमोर धरायचं. जिथे चिरा दिसतील तो भाग बाजूला काढायचा आणि उरलेल्याला मागून मलमल टाचायची. मलमलीशिवाय जोडलं तर पहिल्याच ताणाला टाक्याच्या भोकातून फाटतं. जरीचे काठ मी गोधडीत कधीच घालत नाही. दिसतात झकास, पण अंगाला टोचतात. शिवाय जुनी जर विकत घेणारे लोक इथे दारावर येतात, त्यातून वर्षाचा दोरा सुटतो.

यंदाचं मोठं काम म्हणजे घरच्या गोधड्या. 2028 साली महामहम आहे, इथल्या तळ्यातल्या स्नानाचं बारा वर्षांनी येणारं पर्व. मागचं 2016 मध्ये झालं. त्या माघात कुंभकोणमला ज्याचं घर आहे त्याच्या घरी पाहुणे येणारच, आणि त्यांना पाठ टेकायला काहीतरी लागणार. इथल्या हवेत कापसाची रजई कोणी अंगावर घेणार नाही. चार-पाच पदरांची, नुसत्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी खाली अंथरायलाही होते आणि पहाटे ओढून घ्यायलाही. नऊवारी सूत मिळायची चिंता नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी 1676 च्या सुमारास तंजावरला गादी स्थापली, 1855 मध्ये राज्य खालसा झालं, पण त्यांच्या मागून आलेली मराठी घरं या भागात राहिली. ‘दक्षिणी मराठी’ बोलणाऱ्या काही म्हाताऱ्या अजूनही नऊवारीतच असतात, आणि तमिळ ब्राह्मणांच्या घरी कार्याला मडिसार, म्हणजे त्यांची नऊवारी, लागतेच.

गोधडी घालताना पदर जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड सापडेल ते ठेवते. कडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन आत सरकत जायचं. परदेशी रजईवाल्या मधून बाहेर शिवतात, कारण मधला कापूस सरकतो. आपल्याकडे कापूसच नाही, त्यामुळे कड आधी बांधली की बाकीचं ऐकतं. सुरकुती आलीच तर डाव्या तळव्याने पुढे ढकलायची आणि तिथे वरून एक ठिगळ लावायचं. उत्तर कन्नडात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या गोधड्या, म्हणजे कवांदीही, अशाच कडेकडून आत शिवतात आणि चार कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात; फुलांवाचून कवांद उघडी म्हणायची त्यांची रीत. हा नखरा यंदा मी उचलणार आहे. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या रजया 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या. त्यांची नक्षीही कागदावर नव्हे, हाती आलेल्या चिंधीवर ठरत असे.

नवं म्हणून एकच काम घेतलंय. इथल्या देवळांच्या रथांना कापडाची लांब नळकांडी टांगतात, त्यांना तोंबै म्हणतात. गडद कापडावर कमळं, मोर, याळी (देवळांवरचा सिंहासारखा काल्पनिक प्राणी) असे कापलेले आकार शिवलेले. रस्त्यावरून इथल्या शारंगपाणी देवळाचा रथ पाहताना मान वर करावी लागते, तेव्हा कळतं की तोंबैत बारीक काम का नसतं. दुरून ते दिसणारच नाही! आकार मोठे, रंग मोजके, कडा ठसठशीत. घरातल्या भिंतीसाठी मी त्यातलं एक कमळ घेतेय. पाकळी कापताना कडेला पाव इंच जादा ठेवायचं, वळणावर बारीक कापे द्यायचे, कड आत मुडपून लपता टाका घालायचा. हे काम फेब्रुवारीत बसवलंय, कारण मुडपायला कोरडी बोटं लागतात.

ऑगस्ट मुद्दाम रिकामा ठेवलाय. मागच्या वर्षीचं अर्धवट तेव्हा पुरं करायचं, नाहीतर उसवून त्याचं कापड मोकळं करायचं. अर्धवट कामाला माझ्याकडे एवढीच मुदत.

तुम्हीही यंदा वही घेणार असाल तर आधी ट्रंक उघडा. आणि मऊ झालेलं सुती लुगडं स्टीलच्या डब्यासाठी बोहारणीच्या हवाली करू नका. असं सूत दुकानात कितीही पैसे मोजून मिळत नाही.